प्रेमिलाबाईचे कान

मोहबोडीच्या धिवरांच्या घरी पोरींना पोहायला कुणी शिकवत नाही आणि पाखरं ओळखायलाही शिकवत नाही. तलाव दाराशीच असतो, दोन्ही आपसूक येतं. प्रेमिलाला मात्र तिच्या बापाने, इतवारीने, पाखरं मुद्दाम शिकवली. त्याला मुलगा नव्हता आणि डोंग्यात पुढे बसायला कुणीतरी लागायचं. हिवाळ्यात पहाटे जाळं सोडायला निघालं की धुक्यात हाताची बोटं दिसत नसत. मग इतवारी वल्हं वर धरून विचारायचा, आता कोण बोललं? अडया, ती शीळ घालणारी रानबदकं, उठल्या तर काठाला माणूस आलाय. टिटवी एकाच जागी ओरडत राहिली तर तिथे कोल्हं नाहीतर साप. बुडी मारणारी टिबुकली खिदळली तर पाणी निवांत आहे, टाक जाळं. आठ-नऊ वर्षांची प्रेमिला डोळे मिटून उत्तर द्यायची आणि चुकली की बाप वल्ह्याने अंगावर पाणी उडवायचा.

पुढे बाप गेला, गावातच बाबुलालशी लग्न झालं, रीना झाली. बाबुलाल तलावात मासे धरी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरीला जाई. प्रेमिला चामोर्शीच्या बाजारात मासे विकायला बसे. तिचे कान एवढे तयार आहेत हे गावात कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

ते कळलं साधना मॅडममुळे. मॅडम गडचिरोलीच्या एका शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी दहा-बारा माणसं जमवून निसर्ग मंडळ काढलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून कुठल्या तरी तलावावर नाहीतर जंगलात फिरायला जात. एका रविवारी ती मोहबोडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आली. प्रेमिला कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडत होती. काठच्या गवतातून बारीक, कण्हल्यासारखा आवाज येत होता. मॅडम हातातलं पुस्तक उघडून सगळ्यांना समजावत होत्या की ही पाणकोंबडीची पिल्लं असावीत. प्रेमिलाला राहवलं नाही.

"ते कोंबडी नोहोय, बाई," ती पाण्यातूनच म्हणाली. "बेंडूक आहे. सापाच्या तोंडात."

एकाने काठीने गवत बाजूला केलं. खरोखरच पाणसापाने बेडूक मागच्या पायांनी धरला होता. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि तिचं नाव विचारलं.

तेव्हापासून मोहबोडीच्या फेरीला पुढे प्रेमिला असे. लोक तिच्यामागून एका ओळीत चालत. ती मध्येच हात वर करी, सगळे थांबत, ती दिशा दाखवी आणि नाव सांगी. दुर्बीणवाल्यांना ते पाखरू सापडेपर्यंत तिला पुढचं ऐकू आलेलं असे. मॅडम एक जाड वही ठेवत. तारीख, आभाळ, पाहिलेली पाखरं, आणि बाजूला वेगळा रकाना, 'प्रेमिलाबाईंनी ऐकलेली'. पुढे पुढे तोच रकाना जास्त भरू लागला. पेपरात तिचा फोटो आला. बाजारात जे लोक 'ए धिवरीन, भाव सांग' म्हणत, ते ताई म्हणू लागले. ग्रामपंचायतीत ती गेली की खुर्ची सरकवली जाई. चाळिशीकडे निघालेल्या बाईला हे सगळं नवं होतं, आणि ते तिला किती आवडत होतं हे तिने बाबुलाललाही सांगितलं नव्हतं.

मग तिला टीबी झाला. पहिल्या गोळ्यांनी बरं वाटलं, वर्षाच्या आत पुन्हा उलटला. डॉक्टर म्हणाले, या खेपेचा हट्टी आहे, साध्या औषधाला दाद देणार नाही, सहा महिने रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. ती रोज उपकेंद्रात चालत जायची. तिथली सिस्टर चांगली होती. सुई टोचायच्या आधी रोज विचारायची, कानात काही आवाज येतो का, ऐकायला कमी येतं का, येत असलं तर लगेच सांग, औषध बदलावं लागेल.

तिसऱ्या महिन्यात प्रेमिलाच्या कानात रातकिडे बोलू लागले. भर दुपारी, भात शिजवताना, बसमध्ये, सारखे. पण शेजारच्या टोल्यातल्या, पलीकडच्या वस्तीतल्या, एका बाईचं औषध मध्येच बदललं होतं आणि तिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं. त्यातच ती बाई गेली. रीना तेव्हा दहावीला होती. सिस्टरने विचारलं की प्रेमिला म्हणायची, नाई. रोज विचारलं, रोज नाई म्हणाली. सहा महिने पूर्ण झाले, थुंकी साफ आली, वजन भरलं. ती वाचली. रातकिडे काही गेले नाहीत.

सुरुवातीला तिला वाटलं, पाखरंच गेली. पाळीखालच्या पळसाला फुलं आली की अंगठ्याएवढा शिंजीर त्यावर दिवसभर चिवचिवाट करी. त्या वर्षी पळस मुका उभा होता. फेरीच्या दिवशी ती झाडाखाली बराच वेळ थांबली आणि मॅडमना म्हणाली, यंदा शिंजीर कमी झाले. मॅडमनी गंभीर होऊन लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात खंड्याची किलबिल नव्हती. मग अडयांची शीळ नव्हती. ती सांगत गेली, मॅडम लिहीत गेल्या. कोरोनात फेऱ्या बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, तोवर तिच्या रकान्यात चारपाच जाड आवाजाची पाखरं तेवढी उरली होती.

मंडळाने त्यावरून अहवाल केला. मोहबोडी तलावावर बारीक पाखरं झपाट्याने घटली, असा. तो वनखात्याकडे गेला, ग्रामसभेत वाचला गेला. पाळीला लागून बापूजींचं शेत होतं, धान आणि थोडा कापूस. साठी ओलांडलेला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. मॅडमनी नाव घेतलं नाही, पण फवारणीचा विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. बापूजी उठून म्हणाले की ते फवारतात तेवढंच सगळे फवारतात. कुणी ऐकून घेतलं नाही. प्रेमिला पुढच्या खुर्चीवर बसली होती.

तोवर तिला कळून चुकलं होतं. झालं असं की मंडळात आदेश नावाचा तरुण आला होता. त्याच्या फोनमध्ये आवाज ऐकून पाखरू ओळखायची सोय होती. फोन नुसता वर धरायचा, पडद्यावर त्या पाखराचं चित्र येई. सभेआधीच्या एका फेरीत पळसाखाली त्याने सहज फोन धरला होता. प्रेमिलाने डोकावून पाहिलं. पडद्यावर शिंजीर होता. गेला, पुन्हा आला, पुन्हा आला. तिने मान वर केली. फांद्यांवर चार-पाच शिंजीर चोच उघडून मिटत होते, गळे थरथरत होते, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

तेव्हाच बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण काय बोलणार? एवढ्या वर्षांची वही खोटी आहे? सिस्टरला रोज फसवलं? आणि ते सांगून उद्यापासून कोण म्हणून उभं राहणार? मासे विकायला कान लागत नाहीत. बाकी कशाला तिला कुणी विचारत नव्हतं. एक दिवस सांगू, पुढच्या फेरीला सांगू, असं म्हणता म्हणता सांगायची वाट दर महिन्याला अरुंद होत गेली.

ती आता फेरीत आदेशच्या बाजूने चालू लागली. त्याला वाटे, बाई आपल्याला जीव लावतात. ती चोरून पडद्यावर नजर टाकी आणि हात वर करी. कुणी मागून काही विचारलं आणि शब्द लागले नाहीत तर तिची दोन ठरलेली उत्तरं होती, मान हलवणं, नाहीतर टिटवी. पाळीवर टिटवी कायमच असते, ते उत्तर सहसा चुकत नसे. घरी बाबुलालने तिला पाठीमागून तीनदा हाक मारली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. रीना आता नागपूरला शिकत होती, तिचा फोन आला की प्रेमिला हातातलं काम दाखवून फोन त्याच्याकडे द्यायची. पोरीचा आवाज बारीक होता, त्यातला अर्धा गळून जाई.

"मॅडमले सांगून टाक," बाबुलाल म्हणाला.

"सांगतलं तर काय राह्यते माह्यापाशी?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडून रीनाची शपथ घेतली.

दुसऱ्या रविवारचा तिला धसका बसला. शनिवारपासून जेवण जात नसे. आजारी पडावं असं वाटे, पण एकदा मोठं आजारपण काढलेल्या बाईने खोटं आजारी पडणं तिला अभद्र वाटे. मग सकाळी उठून लुगडं खोचायची आणि पाळीवर जायची, फाशीवर जावं तशी.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या फेरीला बी.एड.च्या मुलामुलींचा गट आला होता. मॅडम, आदेश आणि प्रेमिला धरून बाराजण. तलावाला वळसा घालून पलीकडच्या बांबूच्या रांजीपर्यंत, त्या दाट बेटापर्यंत, जायचं होतं. बांबूच्या अलीकडे बोरीची झुडपं आहेत आणि पाळीवर मासेमारी सोसायटीच्या राखणदाराची जुनी विटांची खोली. वाटेत एकाच्या चपलेचा अंगठा तुटला. आदेश त्याच्यासाठी मागे थांबला. प्रेमिला पहिल्यांदाच फोनशिवाय पुढे चालत होती.

बोरीच्या बाजूने चितळाने शीळ घातली. एकदा, मग लागोपाठ दोनदा. मागच्या साऱ्यांनी ती ऐकली. पण चितळ धोका दिसला की अशी शीळ घालतं हे त्या मुलांना माहीत नव्हतं, आणि मॅडमना वाटलं, प्रेमिला आता हात वर करील. प्रेमिलाच्या मागे दिव्यानी नावाची मुलगी होती. तिने विचारलं, बाई, हा कोणता पक्षी? प्रेमिलाने तिचे ओठ हलताना पाहिले. टिटवी, म्हणाली आणि पुढे निघाली.

वीस पावलांवर झुडूप हललं आणि अस्वल उभं राहिलं. मादी होती. तिच्यामागे वर्षभराचं पिल्लू बोरं खात होतं. प्रेमिलाने दोन्ही हात पसरून सगळ्यांना थोपवलं. अस्वलापुढून पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हे तिने सुरुवातीला सांगितलं होतं, पण मागून कुणीतरी पळालंच आणि सगळे पळाले. अस्वल चार ढांगा धावून आलं. खोली जवळ होती म्हणून निभावलं. आदेश मागून धावत येऊन त्यांच्यात मिसळला. शेवटी प्रेमिलाने दार लोटलं. दाराची एक बिजागरी तुटलेली होती, दोघांनी पाठ लावून ते धरलं. दिव्यानी पळताना दगडावर पडली होती, तिचं मनगट वाकडं झालं होतं. ती ओढणीत हात धरून बसली आणि ओठ चावत राहिली.

दहा बाय आठची खोली. जुन्या जाळ्यांचा वास. फटीतून दिसत होतं, अस्वल गेलं नव्हतं. ते दारासमोरची माती हुंगत फिरत होतं, पिल्लू बोरीखालीच होतं. आत सगळे कुजबुजू लागले आणि प्रेमिलाला कळलं की आता सुटका नाही. माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर तिला निम्मं कळायचं, निम्मं ओठांवरून जुळवायची. कुजबुजीत आवाजच नसतो. अंधारात अकरा तोंडं हलत होती आणि तिच्यासाठी खोली विहिरीसारखी गप्प होती. सगळे तिच्याकडेच पाहत होते, कारण तीच वाटाडी होती.

मॅडमनी तिच्या खांद्याला धरून काहीतरी विचारलं. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. प्रेमिलाने मान हलवली. हो.

आदेश लगेच मागच्या भिंतीकडे वळला. तिथे भगदाडाला आडवी फळी ठोकलेली होती. तो ती उपसू लागला, दोन मुलगे मदतीला गेले. मग तिच्या ध्यानात आलं, मॅडमनी काय विचारलं असणार. मागून उतरायला वाट आहे का? मागे वाट नव्हती. फळीपलीकडे तलावाचं पाणी सोडायची दगडी विहीर होती, दोन पुरुष खोल, तळाशी गाळ आणि मोडके दगड. फळी निघाली आणि आदेशने एक पाय बाहेर टाकला.

प्रेमिलाने धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मागे ओढला.

"तिकडं वाट नाई!" ती म्हणाली. "मॅडम काय पुसल्या ते मले आयकूच नाई आलं. मले आयकू येत नाई. तीन वर्सं झाले, येत नाई."

आपला आवाज केवढा मोठा झाला हे तिला कळलं नाही. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. बाहेर अस्वलाने मान वळवली आणि ते थेट दाराशी आलं. नखं लाकडावर ओढल्याचं तिला ऐकू आलं नाही, दाराला टेकलेल्या पाठीला ते जाणवलं. आदेश, ती आणि आणखी दोघे दार रेटून उभे होते. मॅडम समोरच्या भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होत्या. अस्वलाकडे कुणी बघावं तसं त्या तिच्याकडे बघत होत्या, असं तिला वाटलं.

असं दीड तास चाललं. अस्वल जाई, पिल्लाकडे बघून पुन्हा येई. ऊन चढल्यावर मायलेकरं बांबूत उतरली. त्यानंतरही बराच वेळ कुणी दार उघडलं नाही. गावात पोचल्यावर दिव्यानीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. प्रेमिलाशी कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असेल तर तिला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम एकट्याच आल्या. वही बरोबर होती. अंगणात बाजेवर बसल्या, चहा घेतला नाही. प्रेमिलाला नीट दिसावं म्हणून तोंड समोर ठेवून, हळूहळू बोलल्या. दिव्यानीच्या हाताला प्लास्टर आहे, बरी होईल. मग वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझे कान गेले याचा राग नाही, प्रेमिलाबाई. मी तीन वर्षं लोकांना सांगत फिरली की पाखरं गेली. एका म्हाताऱ्या माणसाला भर सभेत खाली मान घालायला लावली. तू पुढे बसून होतीस."

प्रेमिला म्हणाली, "हो. मी बसून होती." मग इंजेक्शनचं सांगितलं, सिस्टरचं सांगितलं, शेजारच्या टोल्यातल्या बाईचं सांगितलं. मॅडम बराच वेळ ऐकत राहिल्या. उठताना म्हणाल्या, तुला कानाचं मशीन मिळवून देऊ, पण वही आधी दुरुस्त करायची.

त्या दोघींनी दोन दुपारी बसून ती दुरुस्त केली. शिंजीर कमी, खंड्या नाही, अडई नाही, अशा एकेका ओळीवर मॅडमनी रेघ मारली आणि बाजूला कारण लिहिलं. प्रेमिलाने दर पानावर सही केली. तिला सहीला वेळ लागे, बेचाळीस पानं झाली. मंडळाने वनखात्याला नवं पत्र पाठवलं. मंडळातल्या दोघांनी त्यावरून येणं सोडलं. मॅडमनाही बोल लागला, वैज्ञानिक नोंदी अडाणी बाईच्या भरवशावर ठेवल्या म्हणून. तो बोल त्यांनी प्रेमिलापर्यंत येऊ दिला नाही, तिला आदेशकडून कळला.

बापूजींकडे मात्र ती एकटीच गेली. ते बांधावर गवत कापत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी विळा थांबवला नाही.

"माह्या फवाऱ्यानं पाखरं मरत नसन, असं नाई," ते शेवटी म्हणाले. "पण त्या दिवशी तू बोलली असती तर मले बरं वाटलं असतं." मग त्यांनी तिला वाटेतली काटेरी फांदी बाजूला करून दिली, एवढंच. ग्रामसभेत पत्र वाचलं गेलं त्या दिवशी ते आले नव्हते.

मशीन जिल्ह्याच्या शिबिरात मिळालं. कानाला लावलं की बांगड्या, ताटं, पातेल्याचं झाकण, सगळं कर्कश अंगावर येई. रीनाचा आवाज फोनवर पुन्हा कळू लागला, दोन-दोनदा विचारावं लागे, पण कळू लागला. त्यासाठी ती संध्याकाळी मशीन लावे. पाळीवर लावून पाहिलं तर वारा तेवढा घोंघावला. शिंजिराच्या झाडाखाली काहीतरी पत्र्यासारखं खरखरलं आणि ते शिंजीरच होतं की पान, हे तिला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते येणार नाही. हे त्यांनी न सांगताही तिला ठाऊक होतं.

चार महिने ती फेरीला गेली नाही. रविवारी दार लोटून आत बसे, पाळीवरून माणसं जाताना खिडकीतून दिसत. खोटं संपलं होतं तरी मोकळं वाटत नव्हतं. पूर्वी खोट्याच्या आत कोंडलेली होती, आता नुसतीच कोंडलेली होती. बाबुलाल म्हणे, जाऊन तर पाह्य. ती म्हणे, जाऊन काय करू?

जूनच्या फेरीला आदेश दाराशी आला. त्याने आत येऊन, तिच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं की टिबुकलीची घरटी कुठल्या वेलात असतात ते त्यांना सापडत नाही, फोन ते सांगत नाही. ती उठली ते रागानेच उठली. एवढं साधं कसं सापडत नाही, असं पुटपुटत तिने पाळीवरून तीन घरटी दाखवली. मग घरी परत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली.

आता ती ओळीच्या शेवटी चालते. पुढे आदेश असतो. ती पायांचे ठसे बघते, वाकलेलं गवत बघते, आणि दर दहा पावलांनी वळून मागे पाहते, कारण मागून काय येतंय हे तिला दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार नाही. नवीन माणसं आली की मॅडम आधीच सांगतात, बाईंना ऐकू येत नाही, बोलायचं असेल तर समोर या. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती जमिनीकडे पाहत राहिली होती. आता तिला त्याचं फारसं वाटत नाही. कधी कधी वाटतंही.

परवाच्या फेरीला पळसाच्या अलीकडे सगळी ओळ एकदम थांबली. माना वर गेल्या. एका मुलीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, तिने शेजारणीचा हात दाबला. कुणीतरी बोट दाखवलं. प्रेमिला शेवटी उभी होती, तिच्यापुढे नऊ पाठी होत्या. तिने वर पाहिलं नाही. त्या मुलीचं तोंड बघत ती उभी राहिली, आणि ओळ पुढे सरकली तशी तीही निघाली.